राक्षसाची चेन

अमेरिकेतल्या आमच्या एरी शहरातल्या थिएटरात दरवर्षी चंद्रावरच्या राक्षसाचा जुना सिनेमा लागतो. राक्षस वळतो, पाठीवर पोशाखाची चेन दिसते आणि सगळे प्रेक्षक आपापल्या जॅकेटची चेन झर्रकन ओढतात. इथे भक्ती म्हणतात ती हीच. यंदा सिनेमाच्या मालक कंपनीने तो चकाचक करून पाठवला. राक्षस वळला आणि पाठ गुळगुळीत! कंपनीचा माणूस अभिमानाने म्हणाला, “चूक होती, पुसून टाकली.” पहिल्या रांगेतून विल्माआजी उठल्या. सिनेमात राक्षस त्याच झाल्या होत्या. आजही तोच रबरी पोशाख चढवून आल्या होत्या. “चूक? अरे बाळा, त्या चेनशिवाय मी आत शिरले कशी?” पडद्यासमोर जाऊन त्यांनी आमच्याकडे पाठ केली; तिथे तीच चेन. “आजीबाई, खाली बसा!” कंपनीचा माणूस ओरडला. “राक्षस कधी सांगितल्यावर बसलेला पाहिलायस?” सगळ्या चेना झर्रकन वाजल्या. कंपनीच्या माणसानेही कोट चाचपला. बिचाऱ्याच्या कोटाला बटणं होती.