जावईबापूंची काळजी

बायकोचा गळा दाबून मारणाऱ्या जावयाने कोर्टात भिंतीशी गप्पा मारल्या, पंख्याला सलाम ठोकले. वेडाच्या भरात केलं म्हणून तो शिक्षेतून सुटला आणि त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली. गाडीत चढताना त्याने सासूकडे बघून हळूच डोळा मारला. लेकीसाठी डोळ्यांत आलेलं पाणी तिने तिथल्या तिथे गिळलं.

पुढे डॉक्टरांनी कळवलं, "आता ते ठणठणीत आहेत. जबाबदारी घ्यायला घरचं कुणी आलं, तर सोडून देऊ." सख्ख्या भावांनी हात झटकले. सासू मात्र त्याच्या मापाचा नवा सदरा घेऊन हजर झाली.

"चला जावईबापू," त्याच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "लेक गेली, आता तुम्हीच माझे. दोन्ही वेळा माझ्या हातचं गरम गरम जेवायचं आणि निवांत झोपायचं."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरांच्या खुर्चीमागे दडून तो किंचाळला, "ही मला विष घालेल! अहो, मी वेडा नव्हतोच, सगळं सोंग होतं! मला हिच्याबरोबर पाठवू नका!"

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "माफ करा बाई. इतक्या मायेच्या माणसाचीही भीती वाटते, म्हणजे आजार अजून गेलेला नाही. त्यांना इथेच ठेवावं लागेल."

सदऱ्याची घडी नीट करत ती उठली.

"असू द्या डॉक्टर. पुढच्या वेळीही मीच येईन न्यायला."