सिस्टरची झोप

ड्रायव्हर दचकून जागा झाला आणि त्याने आधी कानात बोट घालून पाहिलं. खिडकीतून उतरतीचं ऊन आत आलं होतं. तो दिवसभर झोपला होता आणि मध्ये एकदाही जाग आली नव्हती. आपण बहिरे तर झालो नाही ना, अशी त्याला धास्ती वाटली.

तो रात्रपाळीला ॲम्ब्युलन्स चालवायचा. आधीची खोली बाजारात होती. तिथे दिवसा डोळ्याला डोळा लागत नसे. एकदा सिग्नलला गाडी उभी असताना त्याला डुलकी लागली. नशीब, मागे पेशंट नव्हता. साहेबांनी त्याला बोलावून शांतपणे सांगितलं, पुन्हा असं झालं तर चावी टेबलावर ठेवायची आणि घरी जायचं. म्हणून त्याने ही खोली घेतली. बघायला आला तेव्हासुद्धा तो जिन्यात बसल्या बसल्या झोपून गेला होता. घरमालक नानांनीच त्याला हलवून उठवलं आणि भाड्याचं बोलण्याआधी ड्युटी विचारली.

तो खाली आला. नाना दारात स्टुलावर बसले होते. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि पायपुसण्याकडे खूण केली. तिथे नर्सचे पांढरे बूट जोडीने ठेवले होते.

"बायको नर्स आहे, आमची सिस्टर. नाइट करून आलीय," नाना कुजबुजले. "झोपू दे."

"मीपण नाइटवालाच, नाना."

"मग तुला वेगळं काय सांगायचं? जिना हळू उतरत जा."

सगळी गल्लीच तशी होती. समोरच्या सुताराचं कापायचं मशीन दिवसभर बंद असायचं. तो आपला हाताने पॉलिश करत बसायचा. ड्रायव्हर ड्युटीला निघायच्या सुमारास नाना सुताराकडे बघून मान हलवायचे, मग मशीन सुरू व्हायचं. ड्रायव्हरने एकदा कौतुक केलं तेव्हा सुतार म्हणाला, आमच्याकडे लाकूडसुद्धा विचारून ओरडतं. मग त्याने आपलं एक वाकडं बोट दाखवलं. मशीनमध्ये गेलेलं ते बोट सिस्टरने वाचवलं होतं. गल्लीत प्रत्येकाचं असं काही ना काही तिने केलेलं होतं. त्यामुळे पोरं चेंडू घेऊन मागच्या मैदानात जायची आणि भाजीवालाही गल्लीच्या तोंडाशीच ओरडणं आवरतं घ्यायचा.

सिस्टरची गाठ मात्र कधी पडली नाही. तो सकाळी परतायचा तेव्हा बूट आधीच दारात असायचे. संध्याकाळी निघायचा तेव्हा नाना म्हणायचे, आत्ताच उठलीय, आवरतेय. त्याच्या सुट्टीच्या दिवशी बूट नसायचे आणि मशीन सकाळपासून घरघरायचं. आज तिलाही सुट्टी, बहिणीकडे गेलीय, असं नाना सांगायचे. एकदा त्याला आठवडाभर दिवसपाळी लागली, तर सिस्टरलाही दिवसपाळीच. पाळीवाल्यांची नशिबं एकाच साच्यातली, असं त्याला वाटलं आणि हसू आलं.

झोप मिळाली तसा तो सुधारला. स्टीअरिंगवर हात स्थिर राहू लागला. आई फोनवर म्हणाली, तुझा आवाज परत माणसात आला. आणि एका सकाळी ड्युटी संपताना साहेबांनी नव्या गाडीची चावी त्याच्याच हातात दिली.

येताना त्याने मऊ तळव्याच्या चपला घेतल्या. माप दारातल्या बुटांवरून डोळ्यांनी घेतलेलंच होतं. गल्लीच्या कोपऱ्यावर इस्त्रीवालीचं टेबल होतं. बायकांच्या चपलांतलं आपल्याला काय कळतं, म्हणून त्याने तिला पिशवी उघडून दाखवली.

"सिस्टरना आवडतील का?"

इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली. "तुला कोणी बोललं नाही?"

"काय?"

"सिस्टर जाऊन दोन वर्षं झाली रे."

मग तिने हलक्या आवाजात सगळं सांगितलं. सिस्टर होती तेव्हाही नाना असेच दारात बसायचे, माशी हाकलावी तसा आवाज हाकलायचे. ती गेली तेव्हा रडले, पण सावरले. मग मध्येच एक दिवस, तू राहायला आलास त्याच सुमारास, त्यांनी तिचे बूट काढले, पुसले, दारात ठेवले आणि घरोघर जाऊन सांगू लागले, सिस्टर झोपलीय, आवाज करू नका.

"डोक्यावर परिणाम झालाय, दुसरं काय," ती म्हणाली. "पण तिने आमचं इतकं केलंय. तिच्या माणसासाठी आम्ही दिवसभर गप्प नाही बसायचं? मला वाटलं तूही त्यातलाच. जिना किती जपून चढतोस. आता तोंडातून अवाक्षर काढू नकोस हं. खरं कळलं तर म्हातारा खचेल."

ड्रायव्हर पिशवी मिटून घराकडे निघाला. ज्या बाईचे त्याने रोज मनात आभार मानले, ती त्या दाराआड नव्हतीच. पण आभार तर खरे होते. ते कुठेतरी पोचवायला हवेत, एवढंच त्याला कळत होतं.

नाना स्टुलावर होते. बूट जागेवर होते. तळव्यांच्या कडांना मातीचा ठिपकासुद्धा नव्हता, हे त्याला आज दिसलं. त्याने पिशवी पुढे केली.

"सिस्टरना द्या, नाना. त्यांच्यामुळे माझी नोकरी राहिली."

नानांनी एक चप्पल बाहेर काढली आणि अंगठ्याने तळवा दाबून पाहिला. बराच वेळ ते तसेच दाबत राहिले.

"अगदी मापाच्या आहेत," ते म्हणाले. "ड्युटीवरून आली की पाय सुजायचे तिचे. झोप लागली की उतरायचे."

त्यांनी चप्पल पिशवीत नीट ठेवली आणि गल्लीवर नजर फिरवली. इस्त्रीवाली मान खाली घालून कपड्यावर पाणी शिंपडत होती. सुतार हाताने पॉलिश घासत होता. नाना ड्रायव्हरच्या कानाशी वाकले.

"पुढच्या आठवड्यात तुला कुठली पाळी आहे, ते आजच सांगून ठेव," ते म्हणाले. "सिस्टरला तीच लावायला हवी."