घरी कुणाला कळवायचं

गवंड्याची बायको परांचीवरून पडून गेली, हे कळलं तेव्हा मास्तर फाटकाजवळच्या खोलीत नव्या सुतारांना कमरेचा पट्टा बांधायला शिकवत होते. पट्टा हातातच राहिला.

चेहरा ओळखण्याजोगा उरला नव्हता. हेल्मेटवरच्या नावावरून ओळख पटली. गवंडी धावत आला; त्या टोळीचा पोटठेकेदारही तोच होता. त्याने चादर उचलली, परत टाकली, मान हलवली आणि मटकन खाली बसला. रडला नाही. धक्काच तसा बसलाय, असं सगळे म्हणाले.

मास्तर खरं तर सुरक्षा अधिकारी. पण कामावर येणाऱ्या प्रत्येक पोटठेकेदाराच्या माणसांना आधी त्यांच्यासमोर बसावं लागे, म्हणून ते सगळ्यांचे मास्तर झाले. शिकवणी झाली की ते स्वतःच्या हाताने हेल्मेटवर नाव रंगवून देत. न शिकलेला माणूस वर चढवला, तर त्या ठेकेदाराला फाटक कायमचं बंद.

त्या दिवसापासून मास्तरांच्या डोक्यात एकच भुंगा होता. पट्टा तिच्या कमरेला होता, पण त्याचा आकडा दोरीला अडकवलेलाच नव्हता. आधी आकडा, मग पाऊल, हे त्यांनी तिच्याकडून घोकून घेतलं होतं. मग आपलं शिकवायचं काय राहिलं?

पुढे त्याच कंपनीच्या दुसऱ्या इमारतीवर गवंडी आला. जुनी टोळी पांगली होती, बरोबरची माणसं सगळी नवी होती. मास्तरांना त्याच्याकडे बघवेना.

"थोडे दिवस घरी थांबला असतास."

"घरी बसून काय करू, मास्तर? आज काम सुरू झालं नाही तर हीसुद्धा माणसं दुसरीकडे जातील. जरा लवकर उरका."

"लवकर नाही उरकणार. आता तर मुळीच नाही."

मास्तरांनी एकेकाला उभं करून पट्टा आवळला. गिलावा करणारा म्हातारा कण्हला. "सासऱ्यानेसुद्धा एवढं घट्ट धरलं नव्हतं मला!"

"धरील कशाला? सुटलो म्हणाला असेल," कुणीतरी मागून म्हणालं.

शेवटी नेहमीचा प्रश्न. काही बरंवाईट झालं तर घरी कुणाला कळवायचं? उत्तर ज्याचं त्याने स्वतःच्या तोंडाने द्यायचं. घरच्या माणसाची आठवण काढली की आकडा विसरत नाही, असा मास्तरांचा अनुभव.

"बायकोला," म्हातारा म्हणाला. "पण बेताने सांगा. नाहीतर उरलासुरला मी तिच्या हातून जाईन."

लोक हसले आणि गवंड्याकडे बघून गप्प झाले. म्हाताऱ्याने जीभ चावली.

मागच्या बाकावर एक बाई बसली होती. सिमेंट नाकात जाऊ नये म्हणून बांधतात तसं तोंडावर फडकं, नजर खाली.

"ही माझी मेहुणी," गवंडी म्हणाला. "तिच्यासाठी मलाच कळवा."

"तिला बोलू दे."

"लाजाळू आहे हो."

"वर लाज कामाला येत नाही. बोल बाई. तुला काही झालं तर कुणाला कळवायचं?"

बाई उठली. फडक्याआड ओठ हलले.

"बस खाली," गवंडी हळूच म्हणाला. "तुझ्या पाया पडतो."

ती बसली नाही. तिने फडकं खाली ओढलं.

"मला ताप होता, मास्तर. माझं हेल्मेट मीच घातलं त्या पोरीच्या डोक्यावर. तिचा कामाचा पहिला दिवस होता."

समोर गवंड्याची बायको उभी होती. जी गेली, त्या पोरीच्या आईला अजून कुणीही कळवलं नव्हतं.