कानातले बोळे

अमेरिकेत वाढलेली टोंगन लेसिएली तान्ह्या लेकाला घेऊन पहिल्यांदाच टोंगा बेटांवर निघाली होती. विमान नाताळासाठी घरी परतणाऱ्या टोंगन मंडळींनी गच्च भरलेलं. बसल्याबसल्या तिने आसपासच्यांना कानात घालायच्या बोळ्यांच्या पुड्या वाटल्या. "बाळ रडलं तर माफ करा हं." मंडळी पुड्यांकडे बघतच राहिली. विमान उडालं आणि बाळाने भोकाड पसरलं. लेसिएलीच रडकुंडीला आली. तेवढ्यात पुढची म्हातारी उठली. "माफी कसली मागतेस गं? आपलं पोर आपल्या माणसांत नाही रडणार तर कुठे?" तिने बाळ उचललं आणि मागे दिलं, तिथून ते हातोहात पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं आणि खिदळू लागलं. लेसिएली धडपडत उठली. म्हातारीने खांदा धरून तिला बसवलं, पुडी फोडली आणि बोळे तिच्याच कानांत घालत ती म्हणाली, "आता आम्ही गाणार आहोत, पोरी. तू झोप."