खाडाखोड

सोमवार : वेदना ३
मंगळवार : वेदना ३
बुधवार : वेदना ३

प्रयोगशाळेतल्या सशांची देखभाल करणाऱ्या मालनताईंनी भरलेला तक्ता प्राणी-कल्याण समितीच्या डॉक्टरांनी वाचला आणि पिंजऱ्यात वाकून पाहिलं. ससा कुशीवर पडला होता. वेदनेने त्याचे दात करकरत होते.

“मालनताई, याला तुम्ही तीन म्हणता? चार झालं की त्याच दिवशी इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं, नियम माहीत आहे ना?”

“माहीत आहे हो, म्हणून तर तीन लिहीत गेले. वाटलं, उद्या उठेल.”

“आणि तो तीन दिवस हेच सोसत राहिला.”

गुरुवारच्या रकान्यात ताईंनी ४ लिहिलं. मग वरचे तिन्ही ३ खोडून तिथेही ४ केले आणि नियमाप्रमाणे प्रत्येक खाडाखोडीशेजारी सही केली.