टेंभरे करा

"सिझर नाई करू देत मी," शामकलाबाई म्हणाली. "टेंभरे करा."

आत तिची सून आचल कळा देऊन थकली होती आणि बाळाचे ठोके उतरत चालले होते. डॉक्टर रुचीला पुण्याहून सौंदडजवळच्या या सरकारी दवाखान्यात येऊन जेमतेम आठवडा झालेला. मोठे डॉक्टर रजेवर. गोंदियाला न्यायचं तर तास मोडणार, आणि बाळाजवळ तेवढा वेळ नव्हता. भूल देणारे तयार होते. आचलला विचारलं तर ती म्हणे सासूला विचारा, आणि तिचा नवरा धर्मेंद्र आईच्या तोंडाकडे बघत उभा. सगळं अडलं होतं संमतीच्या कागदावरच्या म्हातारीच्या अंगठ्यापाशी.

टेंभरे डॉक्टरांचा हार घातलेला फोटो व्हरांड्यात होता. मावशी, ते आता नाहीत, असं रुचीने शक्य तितक्या हळू सांगितलं.

"मालूम आहे मले. त्याईच्या मातीले गेलती मी. म्हणून का टेंभरे बंद केलं तुमी?"

घ्या! रुचीला काही उमगेना. शेवटी सिस्टर कुंदाबाईने उलगडा केला. या भागात पोट चिरून पहिलं मूल काढलं ते टेंभरे डॉक्टरांनी, तेव्हापासून त्या ऑपरेशनचं नावच टेंभरे. चीर आडवी आणि खाली, म्हणजे बाई पुढच्या साली धानाच्या रोवणीला वाकू शकते. सिझर म्हणजे खासगीतलं, गरज नसताना केलेलं.

"अहो, मग तेच तर करणार आहे मी," रुची म्हणाली. तिला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

शामकलाबाईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "एकटीनं किती केले?"

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. "मोठ्या डॉक्टरांसोबत बरेच," रुची म्हणाली. "एकटीने हा पहिलाच."

कुंदाबाईने कपाळाला हात लावला. आता कसली देते म्हातारी अंगठा!

शामकलाबाईने धर्मेंद्रला भिंतीकडे तोंड करायला सांगितलं आणि लुगडं जरासं खाली सरकवलं. ओटीपोटावर जुनी आडवी खूण होती, एका टोकाला वाकडी गेलेली.

"त्याईचा हा पयला," ती म्हणाली. "हात बहुत थरथरून राहिले होते बिचाऱ्याचे. निंगाला ना हा धर्मेंद्र सहा फुटाचा?"

आणि शाईचा पॅड तिने स्वतःच पुढे ओढला.