तुपाचे ठसे

ठाकोरशेठने कमरेचा पट्टा सोडला, मागून हात लांबवला आणि तुपात थिजवलेली माव्याची अख्खी सुरती घारी कॅप्टन श्रीरंगच्या हातावर ठेवली. विमान सुरतच्या पांडेसऱ्यातल्या गिरण्यांच्या चिमण्यांवर होतं. समोर धावपट्टी दिसायला लागली होती.

“खाओ, कॅप्टनसाहेब. आज चंदनी पडवो है, घारी खाने का दिन. और वो देखो, नीला पतरा. अपनी मिल!”

शेजारी बसलेल्या सहवैमानिक योगेंद्रने उतरण्याआधीची यादी वाचायला घेतली होती. त्याची नोकरी नवी होती.

“चाकं?” त्याने विचारलं.

“हं,” कॅप्टन म्हणाला. तोंड भरलेलं होतं. तूप मनगटावरून घड्याळाच्या पट्ट्यात उतरत होतं. त्याच हाताने त्याने दोन्ही इंजिनांचा जोर कमी केला.

भोंगा वाजायला लागला. चाकं न उतरवता जोर कमी केला की तो वाजतो. त्यासाठीच तो बसवलेला असतो. मागे शेठची सून दचकली. तिच्या मांडीवरचं पोर रडायला लागलं.

“आ शुं वागे छे?” शेठने विचारलं.

“कुछ नहीं शेठ, घंटी है.” कॅप्टनने अंगठ्याने बटण दाबून भोंगा गप्प केला. मग अंगठा चाटला.

“सर, चाकं वर आहेत. हिरवे दिवे लागलेले नाहीत.”

“अरे हो, कळलं. शेठ, चिमनी कौनसी आपकी? लालवाली?”

खालची शेतं संपली. कुंपणाची तार दिसली.

“सर, विमान वर घ्या!”

कॅप्टनची मान मागे वळलेली होती. योगेंद्रने हात लांब करून चाकांचा दांडा खाली ओढला. पोटाखाली घरघर झाली. एक हिरवा दिवा लागला, मग दुसरा. तिसरा लागला तेव्हा धावपट्टीचे पांढरे पट्टे नाकाखाली आले होते.

चाकं टेकली. शेठने टाळ्या वाजवल्या. “एकदम मख्खन, कॅप्टनसाहेब!”

विमान थांबलं, शेठ उतरला आणि त्याच्यामागे सून पोराला घेऊन उतरली. तेव्हा कॅप्टन योगेंद्रकडे वळला. त्याच्या मिशीला मावा लागला होता.

“दांड्याला हात लावायला तुला कोणी सांगितलं? मी उतरवतच होतो. आणि प्रवाशांसमोर ओरडायचं नाही. नोकरी करायचीय ना? फडकं घे, पुसून काढ सगळं. लगेच दुसरी फेरी आहे.” तो हात धुवायला खाली उतरला.

दुसऱ्या फेरीची मंडळी सावलीत उभी होती: शेठची मुलगी, जावई, नात. त्यांच्या मागे घारीचे डबे सांभाळत मिलचा मुकादम सुकलाल. शेठच्या घरचं विमान बघायला मिळेल म्हणून तो नवागामहून लेकीलाही घेऊन आला होता.

योगेंद्रने फडकं घेतलं. इंजिनांचा जोर कमी-जास्त करायच्या मुठीवर तूप होतं. रेडिओच्या बटणावर होतं. भोंग्याच्या बटणावर अंगठ्याचा पुरा ठसा होता. चाकांचा दांडा तेवढा कोरडा होता.

त्याने फडकं खाली ठेवलं आणि शेठला हाक मारली.

“शेठ, वर या. हे बघा. साहेबांचा हात जिथे जिथे लागला, तिथे तिथे तूप आहे. चाकांच्या दांड्यावर नाही. चाकं मी उतरवली. नाहीतर आपण पोटावर आपटलो असतो. तुमच्या नातवासकट.”

शेठ आत वाकून बघत राहिला. तो धंदेवाला माणूस होता. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. एकदा त्याने कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टन नळाखाली हात धूत होता आणि जावयाला काहीतरी सांगून हसवत होता.

शेठ खाली उतरला. नातीचा हात धरून त्याने तिला सावलीत मागे नेलं. मुलीच्या कानात काही बोलला. जावई मुकाट्याने गाडीकडे निघाला.

मग सुकलालकडे आणि त्याच्या लेकीकडे बोट दाखवत शेठ नेहमीच्या आवाजात म्हणाला, “सुकलालने अने एनी छोकरीने बेसाडी दो. फेरी नकामी न जाय.”

सुकलालने हातातले डबे तिथेच जमिनीवर ठेवले. त्याने आधी शेठला वाकून नमस्कार केला.

“सोनी, चाल! शेठ आपले बलाई राह्यना!”

सोनाली धावत आली. सणाचा गुलाबी फ्रॉक, दोन्ही वेण्यांना रिबिनी. विमानाच्या पायरीशी येऊन ती थांबली. पायरीवर योगेंद्र बसला होता.

“ऊठ रे,” कॅप्टन हात झटकत आला. “उशीर होतोय.”

योगेंद्र उठला नाही.

“काका, सरका ना,” सोनाली म्हणाली. “शेठनी सांगितलंय.”